सरकारी संगणकप्रणालीचा धनी कोण? राज्य शासनातल्या आयटीच्या कारभाराबद्दल

कळवा_पारसिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जूनमध्ये मुलीसाठी उत्पन्नाचा दाखला काढला. वेळेत मिळाला, डिजिटल सही, बारकोड सगळं व्यवस्थित. तोच दाखला एका शिष्यवृत्तीच्या अर्जात द्यायला गेलो तर तिथली प्रणाली म्हणते, 'नाव जुळत नाही'. दाखला आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

मग फेऱ्या सुरू झाल्या. सेवा केंद्रात म्हणाले, आम्ही फक्त अर्ज भरतो. दाखला देणाऱ्या कार्यालयात म्हणाले, दाखला बरोबर आहे, ती दुसरी प्रणाली आमची नाही. दुसऱ्या विभागाच्या हेल्पलाइनवर कळलं की पडताळणी 'वरून' होते. 'वर' म्हणजे कुठे, हे विचारत विचारत शेवटी एका कंपनीतल्या मुलाशी बोलणं झालं. पोरगा सज्जन होता. म्हणाला, "काका, मला दिसतंय तुमचं अडलंय, पण विभागाचं पत्र आल्याशिवाय आम्ही हात लावू शकत नाही." पत्र कोणी द्यायचं, हे विभागात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे गेले. केंद्रातल्या मुलीने दाखल्याचा अर्ज नव्याने भरला, नवा दाखला आला आणि तो पहिल्या झटक्यात जुळला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज गेला. मुलीचं काम झालं, पण आधी का अडलं आणि मग का सुटलं, हे मला आजही कोणी सांगू शकलेलं नाही.

मी चार दारं फिरलो. प्रत्येक दारातला माणूस आपल्यापुरता खरं बोलत होता. म्हणून विचारतो: राज्य शासनात अशा प्रणालीचा धनी नेमका कोण असतो? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोपरी_पूल

वाचतेय. आमच्याकडे जातीच्या दाखल्याच्या वेळी असंच झालं होतं.

निवृत्त_अव्वल_कारकून

मंत्रालयात तीस वर्षं काढली, आता ऐरोलीत असतो. जमेल तसं मांडतो.

कागदावर उत्तर सोपं आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६६ खाली शासनाची कार्यनियमावली असते आणि तिच्यात कोणता विषय कोणत्या विभागाचा हे वाटून दिलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला महसूलचा, शिष्यवृत्ती सामाजिक न्याय किंवा उच्च शिक्षणाची. संगणकावर आला म्हणून विषय दुसऱ्याचा होत नाही. म्हणजे धनी विभागच.

पण विभागाकडे संगणक चालवणारी माणसं नव्हती, म्हणून बाजूला एकेक थर उभा राहत गेला. सर्वांत जुना थर एनआयसीचा, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा. ही केंद्राची संस्था, १९७६ पासूनची. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा अधिकारी बसतो, ठाण्यातही बसतो. हा अधिकारी जिल्ह्याचं काम करतो, पण त्याची आस्थापना दिल्लीची. दुसरा थर राज्याचं माहिती तंत्रज्ञान संचालनालय. माझ्या नोकरीच्या काळात ते सामान्य प्रशासन विभागाखाली होतं. धोरण आखणं आणि सर्वांना लागणाऱ्या सामाईक सोयी सांभाळणं, हे त्याचं काम. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली तेव्हा प्रत्येक राज्याला तीन गोष्टी उभ्या करायच्या होत्या: डेटा सेंटर, मुख्यालयापासून तालुक्यापर्यंतचं जाळं आणि गावातली सेवा केंद्रं. ते जाळं किमान २ एमबीपीएसचं ठरलं होतं. आज आकडा लहान वाटतो, पण तहसीलला ती लाइन आली तो दिवस मला आठवतो.

तिसरा थर कंपनीच्या रूपातला. २०१० मध्ये शासनाने टीसीएसबरोबर भागीदारीत महाऑनलाइन काढली. पुढे राज्याचं स्वतःचं माहिती तंत्रज्ञान महामंडळ आलं, ज्याला सगळे महाआयटी म्हणतात. महामंडळ का? तर खात्याला बाजारभावाने माणसं घेता येत नाहीत, महामंडळाला घेता येतात. चौथा थर प्रत्यक्ष काम करणाऱ्या खासगी कंपन्यांचा.

कळवा_पारसिक, तुम्ही ज्या दारांत उभे राहिलात त्यांच्या मागे हे थर आहेत.

घणसोली_सेक्टर

मी त्या चौथ्या थरातला. कंपनी सांगत नाही, पण महापे-ऐरोली पट्ट्यातच दहा वर्षं सरकारी प्रकल्पांवर काम केलंय. तुमच्याशी बोललेला मुलगा मीही असू शकलो असतो.

आमच्याकडे काय घडतं ते सांगतो. निविदा निघते, तिच्यात कामाची व्याप्ती लिहिलेली असते. ती लिहिताना विभागाचा एखादा कक्ष अधिकारी आणि एक सल्लागार संस्था बसलेली असते. कंत्राट पाच वर्षांचं. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. म्हणजे ज्याने प्रणाली मागितली तो ती नीट चालू होईपर्यंत दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो. नवे साहेब येतात, चांगले असतात, पण आम्हालाच विचारतात की हा नियम असा का आहे? आम्ही मेल शोधून सांगतो. विभागाची आठवण आमच्या इनबॉक्समध्ये राहते, ही गोष्ट मला कधीच बरी वाटली नाही.

करारात सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम) विभागाला द्यायचं कलम असतंच आणि कोड दिलाही जातो. पण विभागात तो उघडून वाचणारं कोणी नसतं. कोड ताब्यात असणं आणि प्रणाली ताब्यात असणं यांत फार अंतर आहे. प्रणाली ताब्यात आहे याचा अर्थ माझ्या मते एवढाच: एखादा नियम बदलायचा झाला तर तो कुठे बदलायचा, कोणाच्या सहीने आणि किती दिवसांत, हे विभागातल्या एका तरी माणसाला, दुसऱ्या कोणाला न विचारता, सांगता आलं पाहिजे.

निवृत्त_अव्वल_कारकून

@घणसोली_सेक्टर, अगदी बरोबर. उलट उदाहरणही देतो, कारण आपल्याच राज्यात चांगल्या चालणाऱ्या प्रणाली आहेत. सेवार्थ घ्या. राज्य कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून निघतात. त्यात नोंद नसेल तर पगार नाही, मग कर्मचारी कोणीही असो. निधीवाटप बीम्समधून होतं, तिथे तरतूद दिसल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. या सगळ्यामागे वित्त विभाग आणि लेखा व कोषागारे संचालनालय घट्ट उभे आहेत. प्रणाली बंद पडली तर त्यांचं स्वतःचं काम थांबतं.

जमिनीचंही तसंच. सातबाराचा धनी पुण्यातले जमाबंदी आयुक्त. प्रणाली एनआयसीने बांधली, पण ई-फेरफारमध्ये कोणती नोंद कशी घ्यायची हे महसूलच्याच लोकांनी ठरवलं आणि तलाठ्यांना महसूलच्याच लोकांनी शिकवलं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला तो या तयारीवर.

अडचण होते ती दोन विभागांच्या मधल्या जागेत. एकाचा दाखला दुसऱ्याने तपासायचा असतो, आणि त्या मधल्या जागेला कार्यनियमावलीत नाव नाही.

मुरबाडची_शाळा

या मधल्या जागेबद्दल मला लिहायचंय. मी शिक्षिका आहे, माहेर वाड्याचं.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा वगैरे आठ तालुके तिकडे गेले. लोकांना वाटतं जिल्हा वेगळा झाला म्हणजे पाट्या बदलल्या. शाळेच्या यूडायस क्रमांकाचे ११ आकडे असतात: पहिले दोन राज्याचे, आपले २७, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव, शाळा. जिल्हा बदलला की क्रमांकच बदलतो. माझ्या भाच्याच्या जुन्या कागदांवर एक क्रमांक आणि नव्यावर दुसरा, शाळा मात्र तीच आणि वर्गही तोच.

आणि गावांचं तर विचारू नका. जनगणनेचा गावाचा सांकेतांक वेगळा, भूमी अभिलेखचा वेगळा, केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन सूचीतला आणखी वेगळा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत, कारण तेव्हा पालघर नव्हताच. जी प्रणाली त्या यादीवर उभी आहे तिच्यात मोखाडा अजून ठाण्यात दिसला तर नवल नाही.

मला वाटतं राज्याने सगळ्यांत आधी हे ठरवायला हवं की गावांची खरी यादी कोणाकडे आहे. एकाने ठेवावी आणि बाकी सगळ्यांनी तीच घ्यावी.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

ठाणे जिल्ह्याचा विषय निघालाच आहे तर कल्याण-डोंबिवली महापालिकेचा उल्लेख व्हायला हवा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे नागरी सुविधा केंद्र सुरू झालं. मालमत्ता कर, पाणीबिल, जन्म-मृत्यूचे दाखले, तक्रारी, सगळं एका खिडकीवर. माझे वडील करभरणा करून अर्ध्या तासात घरी आले तेव्हा आईला वाटलं कार्यालय बंद असेल. पुढे राज्य शासनाने तो नमुना इतर नगरपालिका-महापालिकांत न्यायचं ठरवलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. महापालिकेचं अंदाजपत्रक वेगळं, आयुक्त वेगळे, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई आपापल्या वाटेने गेल्या. नमुना एका ठिकाणी आतून उगवलेला होता, तिथल्या कर खात्याला आणि जन्म-मृत्यू नोंदणीला तो आपला वाटत होता. दुसरीकडे नेताना सॉफ्टवेअर नेता येतं, ते आपलेपण तिथे पुन्हा रुजवावं लागतं.

रिचमंडहून_वाशीला

'एकाने ठेवावं आणि बाकीच्यांनी तेच घ्यावं' यावरून पुढे 'सगळं एका छत्राखाली आणा' असं कोणालाही वाटेल, म्हणून लिहितो. मी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात बरीच वर्षं होतो. तिथे जवळजवळ प्रत्येक राज्याला मुख्य माहिती अधिकारी असतो. त्यांची राष्ट्रीय संघटना तर १९६९ पासूनची आहे. व्हर्जिनियाने २००३ मध्ये सगळ्या खात्यांचं संगणकाचं काम एका संस्थेखाली आणलं. खात्यांकडचे सर्व्हर आणि माणसं तिच्याकडे वर्ग झाली. २००५ मध्ये त्या संस्थेने नॉर्थ्रप ग्रमन या कंपनीबरोबर दोन अब्ज डॉलरहून मोठा, १० वर्षांचा करार केला.

ऑगस्ट २०१० मध्ये साठवणुकीच्या एका यंत्रणेत बिघाड झाला आणि २६ खात्यांची कामं एकदम अडली. मोटार वाहन खात्याला कित्येक दिवस वाहन चालवण्याचे परवाने देता आले नाहीत. पूर्वी एका खात्याचा सर्व्हर पडला तर एक खातं थांबायचं.

एकत्र आणणं वाईट, असं मी म्हणत नाही. सुरक्षा, डेटा सेंटर, जाळं एकत्रच हवं. तालुक्या-तालुक्याने आपापलं फायरवॉलचं (बाहेरची घुसखोरी रोखणारं) यंत्र सांभाळावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पण पाया एकत्र आणि कामाचा निर्णय खात्याकडे, अशी वाटणी लागते. तिथेही पुढे एकाच कंपनीऐवजी वेगवेगळ्या सेवांसाठी वेगवेगळे पुरवठादार घेण्याकडे ते वळले.

कोपरी_पूल

आपल्या देशातली इतर राज्यं काय करतात?

घणसोली_सेक्टर

थोडक्यात: तमिळनाडूचं एल्कॉट हे महामंडळ १९७७ चं, आंध्र आणि ओडिशाच्या संस्था १९८५ च्या. म्हणजे महामंडळाची वाट आपण शोधलेली नाही. केरळने १९९९ मध्ये आयटी मिशन काढलं आणि २००२ मध्ये मलप्पुरममधून अक्षय ही संगणक सेवा केंद्रं सुरू केली. आधी घरटी एका माणसाला संगणक शिकवायचा, सेवा मागाहून, असा क्रम होता. आपल्याकडे शिकवण्याचं काम एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने केलं, पण ती वेगळी वाट झाली. कर्नाटकने भूमी प्रकल्पात २००० च्या आसपास जमिनीचे हस्तलिखित उतारेच कायद्याने अमान्य केले. जुना रस्ता बंद केल्यामुळे नवा रस्ता दुरुस्त ठेवणं भाग पडलं.

वकील_नौपाडा

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोगाकडे तिसरं. नाकारायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती. मुद्दा असा की हा कायदा 'पदनिर्देशित अधिकारी' ठरवतो. दाखल्याला असा एक माणूस आहे. दोन प्रणालींमधल्या पडताळणीला नाही. निवृत्त काका म्हणतात ती मधली जागा इथेही रिकामीच आहे.

दोन, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी शासनाला प्रत्येक वेळी संमती घ्यावी लागणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. पण डेटा कोणत्या उद्देशाने आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकतो. विभाग, संचालनालय, महामंडळ आणि कंपनी यांपैकी 'ठरवणारा' कोण, हे लिहून ठेवावंच लागेल.

अक्षरजुळणी

धागाकर्त्यांना एक विचारू का? तुमच्या नावात, आडनावात किंवा गावाच्या नावात 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' येतं का?

कळवा_पारसिक

हो! आडनावात 'ऱ्हा' आहे. तुम्हाला कसं कळलं?

अक्षरजुळणी

कारण डोळ्यांना न दिसणारा फरक मराठीत बहुतेक तिथेच असतो. मी छपाईच्या कामात आहे. आधी श्रीलिपी ही जुनी फॉण्टपद्धत, मग युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारं जागतिक मानक, दोन्हींत आयुष्य गेलं.

'कऱ्हाड' हा शब्द घ्या. संगणकात तो दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात मराठीसाठी असलेला वेगळा 'ऱ' वापरतात. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहा चिन्हं. दुसऱ्या प्रकारात साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह. एकूण सात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. जुन्या टंकलेखनाच्या साधनांत दुसरा प्रकार सर्रास यायचा, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत 'ऱ' ची स्वतंत्र कळ आहे. तुमचा पहिला दाखला भरणाऱ्याने एका पद्धतीने टंकलं असेल आणि तुम्ही अर्जात दुसऱ्या. केंद्रातल्या मुलीने नव्याने भरताना योगायोगाने तुमचीच पद्धत वापरली. माणसाला एक दिसतं, यंत्राला दोन वेगळी नावं.

यावर उपाय अवघड नाही. नाव साठवण्याआधी ते एका ठरलेल्या रूपात आणायचं, एवढंच. घणसोलीकर सांगतील, दोन दिवसांचं काम आहे. पण हे रूप कोणी ठरवायचं? महसूलने ठरवलं तर शिक्षण विभागावर ते बंधनकारक नाही. राज्याचं २०११ चं ई-गव्हर्नन्स धोरण आहे, शासकीय कामकाजात युनिकोड वापरा असे आदेशही आहेत. 'युनिकोड वापरा' यापुढे जाऊन, युनिकोडमध्ये आपलं अक्षर कोणत्या चिन्हांनी लिहायचं हे सर्व विभागांसाठी एकाने ठरवणं आणि निविदेत ते सक्तीचं करणं, याला मी कारभार म्हणतो. मराठी राज्याच्या संगणकांत मराठी माणसाचं नाव स्वतःशी जुळत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

घणसोली_सेक्टर

दोन दिवस कोडचे, मग जुन्या नोंदींशी ते जुळवून घ्यायला काही आठवडे, चाचणीसह. जुन्या नोंदींवर डिजिटल सही आहे, त्यांना हात लावता येणार नाही. म्हणून साठवलेलं नाव तसंच ठेवून तुलना करतानाच दोन्ही नावं एका रूपात आणायची. हे शक्य आहे. मला कोणी लेखी सांगितलं असतं तर मी आनंदाने केलं असतं.

निवृत्त_अव्वल_कारकून

तीस वर्षांत मी असंख्य टिप्पण्या लिहिल्या. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळताना खाली उभं राहून पाहिलं आणि नंतर त्या पुन्हा उभ्या करण्यात आणि स्कॅनिंगच्या कामात जीव ओतला. तेव्हा वाटलं होतं की कागद एकदा संगणकात गेला की प्रश्न मिटला. आज या वयात 'ऱ' ची गोष्ट कळते आहे. अक्षरजुळणी, आभार.

कळवा_पारसिक, तुम्ही आता माहितीच्या अधिकारात विचारा. संचालनालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला एक आणि शिष्यवृत्तीच्या विभागाला एक. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो, म्हणून दोन्ही वेगळे करा. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'असा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी' असं विचारा.

कळवा_पारसिक

रात्री बसून पाहिलं. पहिल्या दाखल्याच्या पीडीएफमधून आणि नव्या दाखल्यातून आडनाव उचलून मुलीने मोजलं. पहिल्यात एक चिन्ह जास्त आहे. अक्षरजुळणी म्हणाले तसंच. तीन आठवड्यांच्या फेऱ्या त्या एका न दिसणाऱ्या चिन्हापायी. बायकोला दाखवलं तर ती बराच वेळ दोन्ही कागदांकडे पाहतच राहिली.

अर्जाचा मजकूर असा केलाय: "शासनाच्या विविध विभागांच्या संगणकप्रणालींत व्यक्तीचे नाव देवनागरीत साठवताना व त्याची तुलना करताना युनिकोडची कोणती चिन्हे वापरावीत याबाबत आदेश, परिपत्रक किंवा मानक असल्यास त्याची प्रत द्यावी. विभागांमधील दाखल्यांच्या पडताळणीतील त्रुटी दूर करण्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम कळवावे." चालेल का?

वकील_नौपाडा

दुसरं वाक्य वेगळ्या अर्जात टाका, नाहीतर 'दोन विषय' म्हणून परत येईल. प्रत्येकी १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. उत्तर आलं की इथे चिकटवा, पुढचं अपील लागलं तर मी लिहून देईन.

कळवा_पारसिक

दोन केले. उद्या पाठवतो.

मुरबाडची_शाळा

आमच्या आठवीच्या वर्गात दोन मुलांच्या आडनावात 'ऱ्हा' आहे आणि एकीच्या गावाच्या नावात 'ऱ्हे'. तिघांचेही शिष्यवृत्तीचे अर्ज या महिन्यात भरायचे आहेत. अक्षरजुळणी दादा, मोबाइलच्या कीबोर्डवर तो वेगळा 'ऱ' कुठे असतो, ते चित्र काढून टाकाल का? मी फळ्यावर लिहून ठेवते.

अक्षरजुळणी

ताई, बऱ्याच कीबोर्डांत 'र' दाबून धरला की वर 'ऱ' दिसतो. तो घ्या, मग हलन्त, मग ह. चित्र आज रात्री टाकतो. त्या तिघांचे दाखले आधीच निघाले असतील तर तेही मोजून घ्या, अर्जातलं नाव दाखल्यातून उचलूनच चिकटवा.